चॅटरूमचे बिनपगारी राखणदार

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी ही आजच्या एपिसोडची लेखी आवृत्ती. बोललो तशीच ठेवली आहे, फक्त मधले "म्हणजे ना" आणि "काय असतं" थोडे कमी केलेत.

सुरुवात एका वाक्याने करू. "आमचा कोणताही कर्मचारी तुमच्याकडे पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही." बँकेच्या एसएमएसमध्ये, एटीएमच्या भिंतीवर, रेडिओच्या जाहिरातीत हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावरून नुसतं जातं. पण ओटीपी हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकात, अमेरिकेतल्या लाखो लोकांना चॅटच्या खिडकीत जवळपास हेच वाक्य दिसायचं. आणि ते वाक्य कुणाला कळलं नाही, तर समजावून सांगायला त्या चॅटरूममध्ये एक माणूस बसलेला असायचा. त्याला पगार नव्हता.

आजचा एपिसोड या माणसांबद्दल आहे. ऑनलाइन गप्पांमध्ये लोक सुरक्षित राहावेत म्हणून स्वतःचा वेळ देणारे स्वयंसेवक. कोकणात आणि गोव्यात गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा नारळ, विडा तरी मिळतो. या राखणदारांना काय मिळालं, ते बघू.

दार उघडं ठेवायचं की बंद?

अनोळखी लोकांनी टाइप करून गप्पा मारायच्या, ही कल्पना बरीच जुनी आहे. १९८० साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने 'सीबी सिम्युलेटर' नावाची सेवा सुरू केली. ट्रकवाले रेडिओवर बोलायचे त्याची ही टाइप करायची आवृत्ती. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं साल आहे १९८८. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या तरुणाने ऑगस्ट महिन्यात एक प्रोग्रॅम लिहिला, इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी.

आयआरसीचा कुणी एक मालक नव्हता. वेगवेगळ्या विद्यापीठांनी, हौशी लोकांनी आपापले सर्व्हर चालवायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. मालक नाही म्हणजे कस्टमर केअर नाही. मग कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची? उत्तर सोपं होतं, खोलीतल्याच माणसाकडे. जो पहिल्यांदा चॅनेल उघडेल तो 'ऑपरेटर', आणि तो इतरांनाही ऑपरेटर करू शकायचा. त्याच्या नावापुढे ॲटचं चिन्ह दिसायचं आणि त्याच्या हातात दोन हत्यारं असायची, किक आणि बॅन. किक म्हणजे बाहेर काढणं, बॅन म्हणजे परत येऊ न देणं.

आणि बघा, दोनच वर्षांत पहिलं मोठं भांडण झालं ते सुरक्षेवरूनच. बर्कलीमधला 'एरिस' नावाचा एक सर्व्हर असा सेट केला होता की कुणीही पासवर्डशिवाय आपला सर्व्हर त्याला जोडू शकेल. काहींना हे मोकळेपण हवं होतं, काहींना त्यात गोंधळ दिसत होता. १९९० साली नेटवर्क फुटलं. ज्यांना एरिस नको होता त्यांनी आपल्या नेटवर्कचं नावच ठेवलं 'एरिस-फ्री नेटवर्क', म्हणजे एफनेट. दार किती उघडं ठेवायचं, हा वाद चॅटइतकाच जुना आहे.

पुढे १९९४ साली डालनेट हे नेटवर्क निघालं. तोपर्यंत आयआरसीवर तुमचं नाव तुमचं नसायचं. तुम्ही जेवायला उठलात की दुसरा कुणीही तेच नाव घेऊन तुमच्या मैत्रिणीशी बोलू शकायचा. डालनेटच्या स्वयंसेवकांनी 'निकसर्व्ह' आणली. नाव पासवर्ड लावून नोंदवा, मग ते तुमचं. आज तोतया अकाउंटची तक्रार करताना आपण जे मागतो, ते या लोकांनी फावल्या वेळात कोड लिहून केलं होतं.

फोटोच्या नावाखाली भलतंच

१९९५च्या सुमारास एमआयआरसी नावाचा सॉफ्टवेअर आला आणि साध्या विंडोजवाल्या घरांतली माणसंही चॅटवर आली. त्यांच्या मागोमाग चोरही आले.

चाल अशी असायची. चॅटमध्ये ओळख वाढवायची, मग म्हणायचं, "माझा फोटो पाठवतो." फाईलच्या नावात फोटोसारखं जेपीजी असायचं, पण खरी शेपूट ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम. विंडोज ही शेवटची शेपूट मुळातच लपवून ठेवायचं. माणूस फोटो समजून क्लिक करायचा आणि त्याच्या कॉम्प्युटरची चावी दुसऱ्याच्या हातात. १९९८ साली बॅक ऑरिफिस आणि नेटबस, पुढच्या वर्षी सबसेव्हन, असे प्रोग्रॅम पसरले. समोरच्याला तुमच्या फाईली बघता यायच्या, तुम्ही काय टाइप करताय ते वाचता यायचं.

अशा वेळी लोक कुठे जायचे? डालनेटवर 'नोहॅक' नावाचं चॅनेल होतं. तिथे स्वयंसेवक बसायचे. घाबरलेला माणूस यायचा, "माझा माउस आपोआप हलतोय" असं सांगायचा. मग हे लोक त्याला एकेक पायरी सांगायचे. कोणते पोर्ट उघडे आहेत बघ. ३१३३७ दिसला तर बॅक ऑरिफिस असू शकतो, १२३४५ दिसला तर नेटबस. मग विंडोज सुरू होताना काय काय आपोआप चालू होतं ती यादी काढ. त्यातली ही ओळ पुसायची, ती ठेवायची.

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे एक सांगतो. हे काम दिसायला तांत्रिक आहे, पण त्यातला अवघड भाग तांत्रिक नाही. रजिस्ट्रीतली चुकीची ओळ पुसली गेली तर समोरच्याचा कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. समोरचा घाबरलेला आहे, कदाचित लाजलेलाही आहे, आणि तुम्हाला त्याची स्क्रीन दिसत नाही. त्याला न हसता, न ओरडता, एका वेळी एकच पायरी सांगायची. अँटिव्हायरस हे करत नाही. माणूसच करतो.

आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. नाव पत्रिकेचं, शेपूट एपीकेची. क्लिक केलं की फोनमध्ये ॲप बसतं आणि एसएमएस वाचू लागतं. पोलिसांनी याबद्दल इशारेही दिलेत. फोटोच्या जागी पत्रिका आली, बाकी चाल तीच.

चौदा हजार माणसं आणि एक खटला

आता दुसरीकडे जाऊ. आयआरसीला मालक नव्हता, अमेरिका ऑनलाइन म्हणजे एओएलला होता. आणि एओएलच्या चॅटरूममध्येच 'फिशिंग' हा शब्द मोठा झाला. १९९५च्या आसपास एओहेल नावाचा एक प्रोग्रॅम फिरायला लागला. त्यातून एओएलचा कर्मचारी असल्याचं भासवून लोकांना मेसेज पाठवता यायचे. बिलिंगमध्ये अडचण आहे, तुमचा पासवर्ड कन्फर्म करा. ओळखीचं वाटतंय ना? केवायसी अपडेट करा, नाहीतर लाइट कापली जाईल, हे त्याचंच आपल्याकडचं भावंड. यावर उपाय म्हणून एओएलने चॅटच्या खिडकीतच ते वाक्य टाकलं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

वाक्याला हातपाय नसतात. ते काम करायचे 'कम्युनिटी लीडर'. चॅटरूममध्ये यजमान म्हणून बसायचं, नवख्यांना मदत करायची, शिवीगाळ आणि नियमभंग कळवायचा, मुलांच्या खोल्यांवर लक्ष ठेवायचं. सगळ्यात जास्त होते तेव्हा यांची संख्या सुमारे १४ हजार होती. मोबदला काय, तर फुकट किंवा स्वस्त अकाउंट.

सुरुवातीला हा सौदा बरा होता. तेव्हा एओएल तासावर पैसे घ्यायचं. ठरलेले तास संपले की पुढच्या प्रत्येक तासाला २.९५ डॉलर. चॅटवर रमणाऱ्या माणसाला फुकट अकाउंट म्हणजे लॉटरी. पण डिसेंबर १९९६मध्ये कंपनीने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद इंटरनेट दिलं. म्हणजे त्या फुकट अकाउंटची किंमत उरली महिन्याला वीस डॉलर. काम मात्र तेवढंच राहिलं. ट्रेनिंग होतं, ठरलेल्या शिफ्ट होत्या, शिफ्ट संपली की रिपोर्ट लिहायचा होता.

मग लोकांनी हिशोब मांडला. शिफ्ट आहे, रिपोर्ट आहे, वरिष्ठ आहेत, तर ही नोकरी नाही का? १९९९च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये माजी स्वयंसेवकांनी खटला भरला. आधार होता १९३८चा किमान वेतनाचा कायदा. सरकारच्या कामगार खात्यानेही चौकशी केली, पण कारवाई झाली नाही. खटला मात्र चालत राहिला. २००५मध्ये एओएलने हा स्वयंसेवकांचा कार्यक्रमच बंद केला, आणि २०१०मध्ये १.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

मला इथे दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. यातले कित्येक जण मनापासून आले होते. त्यांना ती खोली आपली वाटायची. पण ज्या खोलीचे पैसे कंपनी मोजते, तिथली साफसफाई आपण प्रेमापोटी करायची, हे किती दिवस चालणार? गणपती मंडळात रात्र जागवणं वेगळं आणि कुणाच्या दुकानात फुकट रात्रपाळी करणं वेगळं.

याच काळात कायदाही बदलला. १९९५मध्ये प्रॉडिजी नावाच्या ऑनलाइन कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात निकाल गेला. कारण काय, तर कंपनीने नियम केले होते, शिव्या गाळणारं सॉफ्टवेअर लावलं होतं, चर्चेवर लक्ष ठेवायला 'बोर्ड लीडर' नेमले होते. कोर्टाचं म्हणणं असं की तुम्ही मजकूर सांभाळता, मग तुम्ही प्रकाशक, मग जबाबदारी तुमची. म्हणजे झाडू हातात घेतला तर कचऱ्याचे मालक तुम्हीच! असं असेल तर कोण झाडू घेईल? म्हणून १९९६मध्ये अमेरिकेने 'कलम २३०' आणलं. साफसफाई केली म्हणून कंपनीला प्रकाशक धरायचं नाही. आपल्या आयटी कायद्यातलं कलम ७९ याच घराण्यातलं, पण अटी जास्त असलेलं.

राखण आणि शिकार

तिसरी वाट न्यूयॉर्कच्या लोकल ट्रेनमधून सुरू होते. १९७९मध्ये कर्टिस स्लिवा या तरुणाने 'गार्डियन एंजल्स' नावाचा गट काढला. लाल टोप्या घालून, हत्याराशिवाय, ही मुलं रात्री भुयारी रेल्वेत गस्त घालायची. १९९५मध्ये याच संघटनेने 'सायबरएंजल्स' सुरू केलं. छळाला कंटाळलेल्या लोकांना मदत करायची, त्रास देणाऱ्याची तक्रार त्याच्या इंटरनेट कंपनीकडे कशी करायची ते शिकवायचं, आईबापांना चॅट म्हणजे काय ते समजावायचं, मुलांवर टपलेल्यांची खबर पोलिसांना द्यायची. पुढे पॅरी आफ्ताब या वकीलबाईंनी त्याची धुरा घेतली.

त्यांच्यावर टीकाही झाली. तुम्हाला पोलीस कुणी केलं, असा सवाल विचारला गेला. सवाल चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर काही वर्षांनी दुसऱ्याच गटाच्या कहाणीतून मिळालं.

२००२च्या सुमारास अमेरिकेत 'परव्हर्टेड जस्टिस' नावाचा गट निघाला. त्याचे स्वयंसेवक चॅटमध्ये अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी असल्याचं सोंग घ्यायचे आणि कोण गळाला लागतं ते बघायचे. २००४पासून एनबीसी वाहिनीने त्यांना घेऊन कार्यक्रम केला. माणूस ठरलेल्या घरी यायचा, समोर कॅमेरा. प्रेक्षक खूश. मग २००६च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासमध्ये मर्फी या गावी सापळा लावला. त्यात गुंतलेला एक सरकारी वकील त्या घरी आलाच नाही. तेव्हा पोलीस त्याच्या घरी गेले, सोबत टीव्हीची टीम. आत त्याने स्वतःला गोळी घातली. आणि त्या सापळ्यात पकडलेल्या वीसहून जास्त लोकांवर तिथल्या सरकारी वकिलाने खटलेच चालवले नाहीत. वाहिनीला मृताच्या बहिणीशी तडजोड करावी लागली.

मुलांना फसवणाऱ्यांबद्दल मला तसूभरही कळवळा नाही. पण निष्पन्न काय झालं बघा. खटले चाललेच नाहीत, एक माणूस मेला, आणि टीव्हीवर करमणूक झाली. राखणदार दाराशी उभा राहतो, शिकारी जंगलात जातो. राखणदाराचं यश म्हणजे काहीच घडलं नाही. शिकाऱ्याला मात्र काहीतरी घडावंच लागतं. "पर्दाफाश" म्हणून रील टाकणाऱ्या आपल्याकडच्या चॅनेलांनाही हे लागू आहे.

आणि आपण?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलमार्फत. तुमच्या दादा-ताईंना विचारा, सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन याहू चॅटवर "एएसएल प्लीज" टाइप केल्याचं त्यांना आठवत असेल. वय, लिंग, गाव. अनोळखी माणसाला आपणहून द्यायची पहिली माहिती हीच! तिथे मराठीत समजावून सांगणारा यजमान बहुतेकांना भेटलाच नाही. आपापलं शिकायचं.

मग आलं २०१६. एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने सगळे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्ट केले, म्हणजे मधल्या कुणालाच, कंपनीलाही, वाचता येणार नाहीत असे. आणि सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. एकाच वर्षात खोल्यांना पक्की कुलपं लागली आणि खोल्यांत कोट्यवधी माणसं आली. कुलूप चांगलंच आहे, मला ते हवंच आहे. पण त्याचा अर्थ असा की आत काय चाललंय ते फक्त आतल्यालाच माहीत.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसं मंगळवेढा भागातली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. आपण 'ऑनलाइन सुरक्षितता' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पासवर्ड येतो. राईनपाड्यातल्या त्या पाच जणांसाठी प्रश्न पासवर्डचा नव्हता.

मग ग्रुपमध्ये राखणदार कोण? ॲडमिन. पण त्याच्यावर कायद्याने किती भार आहे? २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. ग्रुपमधल्या एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली होती, आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा होता. न्यायालय म्हणालं, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसत नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. त्याच्या हातात सदस्य जोडणं आणि काढणं एवढंच आहे.

निकाल योग्यच आहे. नाहीतर सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन व्हायला कोण तयार होईल? पण त्या बाईचा विचार करा. कायदा ॲडमिनला शिक्षा करणार नाही, कंपनीला मेसेज दिसत नाही, पोलीस नंतर येणार. त्या संध्याकाळी, त्या ग्रुपमध्ये, तिच्या बाजूने बोलायला उरतं कोण? जो कुणी आपणहून बोलेल तोच. म्हणजे १९८८च्या आयआरसीवर होतो तिथेच आपण पुन्हा आलोय. किक आणि बॅन आपल्याच हातात.

म्हणून इतिहासातून निघालेल्या चार कामाच्या गोष्टी सांगतो.

एक, ॲडमिन असाल तर हत्यारं वापरा. २०२२पासून ॲडमिनला ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. नियम आधीच लिहून ठेवा, म्हणजे काढताना काका आहेत की मित्र आहे हा प्रश्न येत नाही. आणि एकटे ॲडमिन राहू नका, दोघं-तिघं ठेवा.

दोन, रिपोर्ट करा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केल्यावर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. कुलूपबंद खोलीतून बाहेर खबर देण्याचा हा रस्ता आहे, आणि तो फक्त आतल्या माणसालाच उघडता येतो.

तीन, लहान मुलांसंबंधी काही आक्षेपार्ह दिसलं तर "पुरावा म्हणून" मित्रांना फॉरवर्ड करू नका. असा मजकूर पसरवणं आणि जवळ ठेवणं हाच आयटी कायद्याच्या कलम ६७बी आणि पॉक्सोखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा. पॉक्सोखाली तर माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. पैशाची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३०. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

चार, आणि ही नोहॅकवाल्यांकडून घेतलेली. फसलेला माणूस तुमच्याकडे आला तर पहिलं वाक्य "एवढंही कळलं नाही का" हे नको. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवण्यातच वेळ जातो. एका वेळी एक पायरी सांगा. आधी इंटरनेट बंद कर. मग बँकेला फोन लाव. मग बाकीचं.

एओएलच्या त्या चौदा हजारांपैकी, नोहॅकवर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांची खरी नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. त्यांच्यामुळे न झालेल्या फसवणुकींची नोंद कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही. तुमच्या घरच्या ग्रुपवर उद्या ती लग्नपत्रिका येईल तेव्हा "आत्या, हे उघडू नका, मी फोन करतो" एवढं टाइप करायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं करा.

तुमच्या ग्रुपमध्ये असा एखादा राखणदार असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या.